बुभुक्षित दीक्षितांच्या बैठकीत

1881 साली काशीत, दशाश्वमेधाच्या परिसरात, बंगाली आणि हिंदुस्थानी हौशी नटांची ‘नॅशनल थिएटर’ नावाची एक मंडळी होती. अंधेर नगरीची लोककथा रंगमंचावर आणायचे त्यांच्या मनात आले, पण हाताशी धड संहिता नव्हती. ती हिंदी लेखक भारतेंदू हरिश्चंद्रांनी एका दिवसात लिहून दिली, असे सांगतात. त्या वेळी ते तीस-एकतीस वर्षांचे होते. पुढे जेमतेम चार वर्षे जगले आणि 6 जानेवारी 1885 रोजी वारले.

कथा आपल्याकडेही ठाऊक आहे. त्या नगरात भाजी आणि मिठाई एकाच भावाने, टक्याला शेर. भिंत पडून कुणाची तरी बकरी मेली म्हणून राजा आधी घरमालक बनियाला बोलावतो. तो गवंड्यावर ढकलतो, गवंडी चुनेवाल्यावर, चुनेवाला भिस्त्यावर, भिस्ती कसायावर, कसाई धनगरावर, आणि शेवटी फाशी कोतवालाच्या वाट्याला येते. फास मोठा आणि कोतवाल किडकिडीत निघाल्यावर फासाच्या मापाचा जाडजूड माणूस शोधायला शिपाई सुटतात आणि स्वस्त मिठाईवर पोसलेला गोवर्धनदास नावाचा चेला त्यांच्या हाती लागतो. गुरू येऊन कानात युक्ती सांगतो. या मुहूर्तावर मरेल तो थेट स्वर्गात जाईल, अशी भुमका उठते आणि स्वर्गाच्या हव्यासापोटी राजा स्वतःच फासावर चढतो.

लोककथेत एवढेच आहे. भारतेंदूंनी तिला जोडला तो बाजार. दुसऱ्या दृश्यात कबाबवाला, चणेवाला घासीराम, नारिंगीवाली, हलवाई, कुंजडीण, सुकामेवा विकणारा मुघल, चूर्णवाला, मासळीवाली असे एकामागून एक फेरीवाले येतात आणि आपापल्या मालाची आरोळी देतात. आरोळी अस्सल बनारसी गल्लीतली, पण मालाच्या गुणवर्णनात मध्येच भलतेच काही शिरते. चणे खाऊन हाकिम कर दुप्पट करतात. चूर्ण घेतले की अंमलदारांना लाच पचते, सावकारांना लोकांच्या ठेवी पचतात, साहेबांना अख्खा हिंदुस्थान पचतो आणि पोलिसांना कायदा. या रांगेत एक ब्राह्मणही जात विकायला उभा आहे. टका टाका, हवी ती जात घ्या. हसता हसता प्रेक्षकाच्या लक्षात येते की हा बाजार अंधेर नगरीचा नसून चौकापासून ठठेरी बाजारापर्यंतचा, म्हणजे भारतेंदूंच्या घरासमोरचा आहे.

या हसण्याचे करायचे काय, हा प्रश्न हिंदी समीक्षेला गेली शंभर वर्षे पडलेला आहे. दरेक पिढीने आपल्या गरजेपुरते उत्तर काढले.

पहिली मांडणी काशीतच झाली. 1893 मध्ये स्थापन झालेल्या नागरी प्रचारिणी सभेने भारतेंदूंना आधुनिक हिंदीचे जनक म्हणून प्रतिष्ठा दिली. त्यांचे दौहित्र ब्रजरत्नदास यांनी चरित्र लिहिले, ग्रंथावली संपादित केली. रामचंद्र शुक्लांचा हिंदी साहित्याचा इतिहास 1929 मध्ये आला. भारतेंदू आणि त्यांच्या भोवतीच्या प्रतापनारायण मिश्र, बालकृष्ण भट्ट यांच्या लेखनातला जिवंतपणा, ज्याला हिंदीत जिंदादिली म्हणतात, तो शुक्लांना मनापासून आवडला होता. पण शुक्ल स्वभावाने गंभीर समीक्षक. लोकमंगलाच्या कसोटीवर साहित्य पारखणाऱ्या या माणसाने हास्याला घरात जागा दिली ती ओसरीपुरती. भारतेंदू हसतात, कारण त्यांना समाज सुधारायचा आहे. ते साधले की हसण्याचे काम संपले.

समीक्षक रामविलास शर्मांनी 1940 च्या दशकात ‘भारतेंदु युग’ लिहिले आणि चित्र पालटले. त्यांच्या लेखी हा विनोद जनतेच्या बाजूचा होता. लावणी, कजरी, फेरीवाल्याची आरोळी, होळीतली थट्टा असे लोकांच्या तोंडचे प्रकार उचलून भारतेंदूंनी साम्राज्यसत्तेला चिमटे काढले, असे ते दाखवतात. चूर्णवाल्याच्या दृश्यावर त्यांचे भाष्य वाचताना पटतेही. 1870 मध्ये लॉर्ड मेयोचा बनारसमध्ये दरबार भरला, तेव्हा भारतेंदूंनी ‘कविवचनसुधा’त ‘लेवी प्राण लेवी’ हा लेख लिहिला होता. भरजरी अंगरख्यांत घामाने निथळणारे रईस आपले नाव पुकारले जाण्याची वाट पाहत ताटकळले आहेत, असे ते चित्र. लेखक स्वतः त्याच रईसांच्या पंगतीतला, पलाशीच्या राजकारणातल्या सेठ अमीचंदाच्या घराण्यातला. पुढे ‘कविवचनसुधा’तल्या एका मर्सियावरून, म्हणजे शोकगीतावरून, सरकारची मर्जी उतरली आणि सरकारने पत्राच्या प्रती घेणे बंद केले. शर्मांच्या हातात पुरावा भरपूर होता.

मात्र याच पुराव्यातून दुसरी बाजूही निघते. सुधीर चंद्रांनी 1992 च्या ‘द ऑप्रेसिव्ह प्रेझेंट’ या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातल्या लेखकांच्या मनातला दुभंग उलगडला: एकाच लेखणीतून राजभक्ती आणि राज्यकर्त्यांवरचा संताप, तोही ढोंग म्हणून नव्हे. वसुधा दालमिया यांनी 1997 मध्ये भारतेंदू आणि त्यांच्या काळचे बनारस यांवर जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महाराजांचा दरबार, महाजनांच्या कोठ्या, पंडितसभा, नवी नियतकालिके यांच्या जाळ्यात हा लेखक कसा घडला ते दिसते. वीरभारत तलवारांचे ‘रस्साकशी’ 2002 मध्ये आले आणि त्यांनी हिंदी नवजागरण या कल्पनेवरच बोट ठेवले. ज्याला तुम्ही जागृती म्हणता ती मुख्यतः नागरी लिपीची, हिंदू भद्रलोकांची चळवळ होती आणि तिच्यात मुसलमानांना जागा नव्हती, हा त्यांचा मुद्दा.

म्हणजे एकीकडे देशभक्त भारतेंदू, दुसरीकडे हिंदुत्वाची पायाभरणी करणारे भारतेंदू. दोन्ही पक्षांच्या अभ्यासकांनी एक गोष्ट मात्र सारखीच केली. विनोदाचा रोख कुणावर आहे हे शोधले, आणि रोख सापडला की विनोद बाजूला ठेवून विचारांची तपासणी सुरू केली. हसणारा कुठे उभा राहून हसतो, कुणाच्या बोलीत हसतो, हे विचारायचे बहुधा राहूनच गेले. आणि भारतेंदूंचे बळ नेमके तिथे आहे. ते मराठी वाचकाला पाहायचे असेल, तर ‘अंधेर नगरी’ सोडून ‘प्रेमजोगिनी’ उघडावी.

‘प्रेमजोगिनी’ ही अपुरी राहिलेली नाटिका. तिचे चारच प्रवेश, म्हणजे त्यांच्या भाषेत गर्भांक, 1870 च्या दशकाच्या मध्यावर लिहिले गेले. त्यांतले पहिले दोन आधी वेगळ्या नावाने छापले होते: काशीची छायाचित्रे किंवा दोन बरेवाईट फोटोग्राफ. कॅमेरा तेव्हा नवा होता आणि भारतेंदूंना त्याचा नाद होता. पहिल्या प्रवेशात वैष्णव मंदिर आहे. दर्शनाला जमलेले लोक देवापेक्षा एकमेकांच्या भानगडींत रमलेले, आणि रामचंद्र नावाच्या एका शौकीन श्रीमंत तरुणाविषयी कुचुकुचू बोलणारे. हा रामचंद्र म्हणजे खुद्द लेखक. भारतेंदूंचे घराणे वल्लभ संप्रदायाचे, मंदिर त्यांच्या रोजच्या येण्याजाण्याचे. दुसऱ्यात काशीतल्या गैबी या ठिकाणी जमलेले दलाल, गंगापुत्र, गुंड, आणि काशीची लक्तरे वेशीवर टांगणारे गाणे म्हणणारा एक परदेशी. तिसऱ्यात मुघलसराय स्टेशन. तिथे सुधाकर नावाचा पंडित त्याच काशीचे भरघोस गोडवे गातो. निंदा आणि स्तुती शेजारीशेजारी ठेवली आहे आणि नाटककार कुणाची बाजू घेत नाही.

चौथा प्रवेश बुभुक्षित दीक्षितांच्या बैठकीत घडतो, आणि तिथली मंडळी मराठी बोलतात.

बैठकीत गप्प पंडित, रामभट, गोपाळशास्त्री, चंबूभट्ट, माधवशास्त्री अशी मंडळी जमली आहेत. पानाचे विडे चालू आहेत, भांगेची तजवीज चालली आहे. इतक्यात चौकातून हाक येते. जेवणाची आमंत्रणे पोहोचवणारा महाश दारात उभा आहे. दीक्षित हातातले पान खाली ठेवतात आणि त्याला ओळखताच पहिला प्रश्न टाकतात तो हिशेबाचा: आज आमच्या तडात किती ब्राह्मण देतोस, सरदारांनी किती सांगितलेत? मग दुसरी चौकशी, कुठे सहस्रभोजन आहे, यजमान कोण येणार. तड म्हणजे आपला गट, आपली टोळी. भोजनाच्या पानांची वाटणी तडांप्रमाणे होणार हे गृहीतच. धर्मशास्त्राची राजधानी म्हणवणाऱ्या नगरीत शास्त्र्यांची बैठक भरते आणि चर्चेचा विषय असतो पाने किती. त्यांच्या नावांतच लेखकाने निम्मे काम उरकले आहे.

ही मराठी कानाने टिपलेली आहे. लेखन हिंदी वळणाचे, क्रियापदे कुठे कुठे घसरलेली, वाक्यात मध्येच हिंदी शब्द. पण दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या बाजूला, पक्का महाल या जुन्या वस्तीत पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरे अशीच बोलत असणार. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायण भट्टांनी सोळाव्या शतकात या नगरीत दाक्षिणात्य पंडितांचा दबदबा निर्माण केला. त्याच कुळातल्या गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवरायांना राज्याभिषेक केला. मग पेशवे, शिंदे, होळकर, भोसले यांनी घाट बांधले, अन्नछत्रे घातली. अहिल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर उभारले. 1818 नंतर राजाश्रय आटला, पंगती मात्र उरल्या. भारतेंदूंना दिसली ती ही उतरती कळा, आणि ती त्यांनी आतल्या माणसाच्या जवळिकीने पाहिली. त्यांच्या ओळखीपाळखीत मराठी शास्त्री होते, आणि ‘भारतेंदू’ ही पदवी त्यांना 1880 मध्ये दिली गेली तीही काशीच्याच विद्वन्मंडळाकडून.

या प्रवेशाची मराठी जोडी शोधायला गेले की ‘घाशीराम कोतवाल’ समोर येते. विजय तेंडुलकरांचे ते नाटक पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली 16 डिसेंबर 1972 रोजी रंगमंचावर आणले. त्यात उत्तरेचा कनोजी ब्राह्मण पुण्यात येतो आणि रमण्यातल्या दक्षिणेच्या गर्दीत तुडवला जातो. ‘प्रेमजोगिनी’त गंगा उलटी वाहते: दक्षिणेचे ब्राह्मण उत्तरेत, पंगतीच्या आशेवर, आणि त्यांना पाहणारा उत्तरेचा. तेंडुलकरांच्या नाटकावरून पुण्यात केवढे वादळ उठले, ते सर्वांना ठाऊक आहे. शंभर वर्षे आधीच्या हिंदी प्रवेशाकडे मराठी समाजाचे लक्ष गेले असते, तर काय झाले असते कोण जाणे. तेंडुलकरांच्या हसण्यात दात आहेत, भारतेंदूंच्या हसण्यात भांगेची सुस्ती. तरीही दोघांनी नेम धरला तो एकाच ठिकाणी, दक्षिणेसाठी पुढे आलेल्या तळहातावर.

मराठी माणसाशी भारतेंदूंचा दुसरा संबंध अधिक गुंतागुंतीचा. बडोद्याच्या मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप आला. चौकशी आयोगात एकमत झाले नाही, तरी एप्रिल 1875 मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले. त्यावर भारतेंदूंनी 1876 मध्ये ‘विषस्य विषमौषधम्’ हे भाण लिहिले. भाण म्हणजे एकाच पात्राने आकाशभाषिताच्या आधारे रंगवायचा संस्कृत नाट्यप्रकार. इथे तो भंडाचार्याच्या तोंडी आहे. विषावर विषाचाच उतारा, हे शीर्षक. उताराही विषच असेल तर औषध देणाऱ्या इंग्रजांना काय म्हणायचे? भंडाचार्य विलासी राजाची यथेच्छ टवाळी करतो, सरकारचे आभार मानतो, आणि आभार मानता मानता अशी काही कुजकट वाक्ये टाकतो की आभार कितपत खरे ते कळेनासे होते. सुधीर चंद्र म्हणतात तो दुभंग इथे अगदी उघडा आहे. योगायोग असा की सरकारला नाटकांवर बंदी घालण्याचा अधिकार देणारा कायदाही 1876 सालचाच. अशा दिवसांत भंडाचार्यासारखा तोंडाळ, बेभरवशाचा निवेदक निवडणे हे लेखकाच्या हुशारीचे लक्षण मानावे लागते. विधान कुणाचे, असे विचारले तर उत्तर तयार: भंडाचार्याचे.

प्राचीन नाट्यशास्त्राचा हा साठा भारतेंदू सहज वापरतात. 1873 चे ‘वैदिकी हिंसा हिंसा न भवति’ हे प्रहसन यज्ञाच्या नावावर मांस आणि मद्य झोडणाऱ्या राजा-पुरोहितांवर आहे. शेवटच्या अंकात सगळे यमाच्या दरबारात पोहोचतात. तिथे चित्रगुप्त जमाखर्च वाचताना मध्येच सांगून टाकतो की इंग्रजांच्या मर्जीप्रमाणे औदार्य दाखवणाऱ्याला ‘स्टार ऑफ इंडिया’ मिळतो. स्वर्गावरच्या त्यांच्या एका लेखात दयानंद सरस्वती आणि केशवचंद्र सेन वर गेल्यावर तिथे कंझर्व्हेटिव्ह आणि लिबरल असे दोन पक्ष पडतात. वादाचा निकाल लागेना म्हणून सिलेक्ट कमिटी नेमली जाते. कमिटीत राममोहन रॉय आहेत, व्यास आहेत, तोडरमल आणि कबीरही आहेत. आपल्याकडे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्यांना घेऊन धर्माचाराची टर उडवायला सुरुवात केली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, आणि न. चिं. केळकरांचे ‘सुभाषित आणि विनोद’ आले 1908 मध्ये. मराठीत विनोद आणि त्याची मीमांसा हातात हात घालून वाढली. हिंदीत विनोद पुढे निघून गेला आणि मीमांसा मागे राहिली.

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तीनच्या कार्निव्हलच्या कल्पनेने अलीकडच्या अभ्यासकांना मोहात पाडले आहे. होळी, बुढवा मंगलच्या मेळ्यातल्या नौका, भांग, शिव्या असे सगळे साहित्य काशीत आयतेच आहे. पण ही चौकट भारतेंदूंना अर्धीच बसते. कार्निव्हलमध्ये खालचे वर येतात, राजाचा विदूषक होतो. ‘अंधेर नगरी’त तसे काही होत नाही. राजा पहिल्यापासूनच विदूषक आहे. सेवक मोठ्याने पान घ्या म्हणतो आणि याला ऐकू येते शूर्पणखा आली. त्याच्या खुळेपणाने हसू येते, पण अंगावर काटा येतो तो वेगळ्याच कारणाने: बकरी मेली आहे, तेव्हा कुणाला तरी फाशी झालीच पाहिजे, आणि फास मोठा आहे तेव्हा मान जाड हवी. राजा देशी आहे, ही कामाची पद्धत मात्र कचेरीतली. शर्मांनी त्या राजात इंग्रज पाहिला, काहींनी नादान संस्थानिक. दोन्ही अर्थ एका पोटात मावतात.

आता नावडती गोष्ट. 1874 मध्ये भारतेंदूंनी ‘उर्दू का स्यापा’ लिहिला. उर्दू मेली आणि तिच्या प्रेताभोवती इतर भाषा ऊर बडवून रडतात, अशी ती कल्पना. ‘रसा’ या टोपणनावाने स्वतः उर्दू गझला लिहिणाऱ्या कवीने हे लिहावे! शर्मांचे अनुयायी याकडे काणाडोळा करतात. तलवारांचे वाचक याच्यावरच थांबतात. दोघांनी तो विनोद म्हणून वाचला असता, तर एक साधी गोष्ट दिसली असती: हा विनोद फसलेला आहे. ‘प्रेमजोगिनी’त प्रत्येक पात्राला स्वतःची बोली आहे, अगदी बुभुक्षित दीक्षितालाही, त्याची मराठी मोडकी का होईना. स्यापात उर्दूला तोंडच नाही, ती मेलेलीच येते. जिथे भारतेंदू आपल्या मंदिरावर, आपल्या जातभाईंवर, आपल्या गल्लीवर हसतात तिथे पाने तरारून उठतात. जिथे ते समोरच्या गल्लीवर हसतात तिथे नुसता गलका उरतो. 1882 च्या हंटर आयोगापुढे त्यांनी हिंदीची बाजू मांडली, 1900 मध्ये कचेऱ्यांत नागरीला परवानगी मिळाली. राजकारणाला स्यापाचा उपयोग झालाही असेल.

रंगभूमीने समीक्षेपेक्षा बरे काम केले. ब. व. कारंत बनारस हिंदू विद्यापीठात शिकले, काशीत ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणे शिकले. त्यांनी ‘अंधेर नगरी’ केले तेव्हा बाजाराच्या आरोळ्यांतले संगीत त्यांना कुणी समजावून द्यावे लागले नाही. काशीतला लेखी विनोदही थांबला नाही. बेढब बनारसींच्या ‘लफ्टंट पिगसन की डायरी’त इंग्रज अधिकारी हिंदुस्थान समजून घेण्याच्या खटपटीत गोंधळत राहतो. अन्नपूर्णानंद वर्मांचे ‘महाकवि चच्चा’ आजही वाचवते. समीक्षेने मात्र दोघांना ‘हास्यलेखक’ अशा खणात बंद करून टाकले, आणि तो खण क्वचितच उघडला जातो.

अपवाद काशीनाथ सिंहांचा. ‘काशी का अस्सी’मधल्या एका प्रकरणात अस्सीचा पंडा परदेशी भाडेकरूला खोली देण्यासाठी घरातल्या महादेवाची जागा हलवायला निघतो आणि स्वप्नातल्या दृष्टांतापासून शास्त्रार्थापर्यंत सगळे मार्ग वापरून ते सोयीस्कर ठरवतो. उषा गांगुलींनी त्यावर ‘काशीनामा’ हे नाटक केले. त्यावरचा चित्रपट मात्र प्रमाणपत्राअभावी अडकून पडला आणि दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2018 च्या नोव्हेंबरात प्रदर्शित झाला. पुस्तकावरची बरीचशी चर्चा त्यातल्या शिव्यांवर खर्ची पडली. तन्नी गुरू, गया सिंह आणि पप्पूच्या चहाच्या दुकानातली ती मंडळी ‘प्रेमजोगिनी’तल्या गैबीच्या कट्ट्यावरून उठून आलेली आहेत, हे एखाद्या संशोधकाने प्रवेशाशी प्रवेश लावून दाखवण्याजोगे आहे. त्या कामासाठी भोजपुरी आणि मराठी दोन्ही येणारा माणूस लागेल, आणि असे लोक काशीच्या पक्क्या महालात अजून आहेत.